एकच भाव

व्यापारी माणूस कितीही दूर गेला तरी त्याची पेढी त्याच्या मागोमाग येते. इतर प्रवासी समुद्र पाहतात, डोंगर पाहतात; व्यापारी बाजार पाहतो. माल कुठून येतो, किती हातांतून जातो आणि शेवटच्या हातात पडेपर्यंत त्याचा भाव किती वेळा बदलतो, हे कळल्यावाचून त्याला त्या गावाची ओळख पटत नाही. सोलापुरातील एका जुन्या कापडपेढीचे मालक आप्पा याला अपवाद नव्हते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ते प्रथमच देशाबाहेर पडले. सिंगापुरात नोकरी करणाऱ्या मुलाने मे महिन्याच्या सुट्टीत आईवडिलांना बोलावून घेतले आणि चातुर्मासाच्या आत घरी पोहोचवण्याच्या बोलीवर चार दिवसांसाठी जावा बेटावरील योग्यकार्ता या शहरी नेले. बरोबर पत्नी माई होत्या, सून होती आणि नववीत शिकणारी नात होती.

माईंच्या पिशवीत ज्वारीच्या कडक भाकऱ्या, लसणाशिवायची शेंगाचटणी आणि मेतकूट होते. त्या प्रदेशात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो हे पहिल्याच दिवशी ध्यानात आले, तेव्हा रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या माईंनी सर्वांचे जेवण पाच वाजता आणून ठेवले. बाजारहाट काय ती सकाळीच करायची, असे ठरून गेले.

आप्पांच्या दुकानाविषयी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. गल्ल्याच्या वरच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांच्या काळापासून एक पाटी आहे. तिच्यावर दोनच शब्द आहेत : ‘एकच भाव’. लग्नाचा बस्ता बांधणारा जमीनदार असो की मुलाच्या मुंजीला टॉवेल नेणारा गुमास्ता असो, भाव एकच. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला आप्पा हसून त्या पाटीकडे बोट दाखवीत. सुट्टीत सोलापूरला येणारी नात मराठी अक्षरे जुळवायला शिकली ती याच पाटीवर. घरात त्या पाटीचा अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता.

योग्यकार्त्याचा मुख्य रस्ता मालिओबोरो. त्याच्या कडेलाच बेरिंगहार्जो नावाचा मोठा बाजार भरतो. आत शिरताच आप्पांना सोलापूरच्या मंगळवार पेठेची आठवण झाली. तशाच अरुंद वाटा, तसेच छतापर्यंत रचलेले कापडाचे गठ्ठे, आणि गठ्ठ्यांच्या मध्ये पाय दुमडून बसलेल्या विक्रेत्या बायका. माल मात्र जवळजवळ एकाच जातीचा : बातिक. जावाची ही कला २००९ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंदवली. ती नोंद २ ऑक्टोबरला झाली म्हणून इंडोनेशियात तो दिवस बातिक दिन म्हणून पाळतात.

आप्पांना तेथील भाषेने आणखी जवळ ओढले. मुलाने सांगितले की इथे भावाला ‘हार्गा’ म्हणतात, आणि हा शब्द आपल्या ‘अर्घ’वरून आला आहे. पूजेत अर्घ वाहणाऱ्या आणि ‘महार्घ’ शब्दाचे ‘महाग’ झालेले रोज तोंडाने बोलणाऱ्या माणसाला तो परका कसा वाटावा? नफ्याला ‘लाबा’ म्हणतात, तो तर वहीच्या पहिल्या पानावरचा आपला ‘लाभ’च. काही दुकानांवर ‘हार्गा पास’ असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ विचारला तेव्हा मुलगा हसला. “एकच भाव, आप्पा,” तो म्हणाला. आप्पांनी त्या पाटीला हात जोडले, आणि जिथे तशी पाटी नव्हती त्या दुकानात शिरले.

पैशांचा हिशोब प्रथम गोंधळात टाकतो. तिथला एक लाख रुपिया म्हणजे आपले सव्वापाचशे रुपये, थोडे इकडे तिकडे. लाखांच्या गोष्टी ऐकून माई दचकत. आप्पांनी मात्र तासाभरात गुणाकार-भागाकार मनात बसवला. भाषेची अडचण गणकयंत्राने दूर केली. विक्रेती यंत्रावर आकडा टिपून पुढे करते, गिऱ्हाईक तो पुसून आपला आकडा टिपते, आणि यंत्र दोघांच्या मध्ये येरझाऱ्या घालते.

बातिक तीन प्रकारांनी बाजारात येते, आणि खरेदीला जाणाऱ्याने हे तीन प्रकार ओळखायला शिकलेच पाहिजे. पहिला ‘तुलिस’, म्हणजे लिहिलेले. यात वितळलेल्या मेणाने कापडावर हाताने नक्षी रेखतात. दुसरा ‘चाप’, म्हणजे आपला छापच : तांब्याचा ठसा मेणात बुडवून कापडावर उमटवतात. तिसरे केवळ यंत्रावर छापलेले कापड. त्यात मेणाचा स्पर्शही नसतो; नक्षी तेवढी बातिकची असते. पहिल्या दोन प्रकारांत रंग कापडाच्या आरपार जातो, म्हणून उलटी बाजूही सुलटीइतकीच भरलेली दिसते. छापील कापडाची उलटी बाजू बहुधा फिकी असते. ठशाच्या कामात एक आकृती दुसरीशी तंतोतंत जुळते. हाताच्या कामात कोणतेही दोन ठिपके सारखे नसतात, कुठेतरी रेघ थरथरते, कुठेतरी मेणाचा एखादा थेंब सांडलेला असतो.

एका विक्रेतीने तुलिस म्हणून एक कापड पुढे केले. आप्पांनी ते उलटे केले, बोटांत चुरगाळले, उजेडासमोर धरले आणि काही न बोलता परत ठेवले. उलटी बाजू फिकी होती आणि वीतभर अंतरावर तीच नक्षी तशीच्या तशी पुन्हा येत होती. विक्रेतीने त्यांच्याकडे पाहिले, मोठ्याने हसली आणि यंत्रावरचा आकडा स्वतःच निम्म्याहून खाली आणला. एका धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याला ओळखले होते. छापील म्हणून छापील भावात आप्पांनी तिच्याकडून मुनीमजींच्या घरासाठी टेबलावर घालायची चार कापडे घेतली. सकाळची ती तिची पहिलीच विक्री होती. नोटा हातात पडताच तिने त्या बाकीच्या गठ्ठ्यांवरून हलकेच आपटीत फिरवल्या आणि “लारिस, लारिस” असे काहीसे पुटपुटली. पहिल्या विक्रीच्या या पैशांना तिथे ‘पेंगलारिस’ म्हणतात. माईंना ते समजावून सांगावे लागले नाही. “भवानी झाली तिची,” त्या म्हणाल्या.

बाहेर आल्यावर आप्पा मुलाला म्हणाले, “खोट्या मालाला खऱ्याचे नाव देणे ही एकाच देशाची खोड नव्हे. दुसरीकडे विणलेल्या किती चादरी सोलापुरी म्हणून खपतात, ते आपल्याला ठाऊक आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले तरी ते थांबले नाही.” शास्त्रात यालाच ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हटले आहे, हेही त्यांनी नातीला सांगितले.

काय घ्यावे हे आप्पा ठरवीत, काय घेऊ नये हे माई. छायानाट्यातील बाहुल्या नातीला फार आवडल्या होत्या. त्या म्हशीच्या कातड्याच्या असतात हे कळताच तिने स्वतःच हात मागे घेतला. पुढे एका दुकानात लाकडी बाहुल्या मिळाल्या. सापाच्या कातडीचे बटवे, पोवळ्याचे दागिने आणि शिंपल्यांची तबके यांच्यासमोर माई थांबल्याच नाहीत. एका दुकानात मोठ्या कौतुकाने ‘लुवाक’ कॉफी पुढे आली. उदमांजराने खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांची ती कॉफी. तिच्यासाठी कित्येक ठिकाणी ही जनावरे पिंजऱ्यात कोंडून ठेवतात. माईंनी दुरूनच नमस्कार केला. जुन्या मूर्ती, जुनी नाणी म्हणून जे दाखवतात त्याला आप्पांनी हात लावला नाही. खरे असले तर त्या देशाचा वारसा चोरीने बाहेर जातो, आणि खोटे असले तर आपण फसतो, दोन्हीकडून तोटाच. जे घेतले त्याची पावती त्यांनी पाकिटात ठेवली. सीमाशुल्काच्या खिडकीपाशी काही लपवायचे नाही, हा त्यांचा शिरस्ताच होता.

दुसऱ्या दिवशी सुलतानाचा राजवाडा पाहताना वाटाड्याने एक गोष्ट सांगितली. गुजरातेतून येणाऱ्या पटोळ्याला जावाच्या दरबारात एके काळी फार मान होता. त्याला ते ‘चिंदे’ म्हणत, आणि किनाऱ्यावरच्या पेकालोंगान शहरातील एका प्रसिद्ध बातिक नक्षीचा उगम या पटोळ्यातच सांगतात. ‘चिंदे’ शब्दावर माईंना हसू आले. आपल्याकडे चिंधीला कोण मान देतो! आप्पा मात्र गंभीर झाले. पाटणचे पटोळे विणणारे साळवी मूळचे आपल्या जालन्याचे. आचार्य हेमचंद्रांचा अनुयायी राजा कुमारपाल याने त्यांची सातशे घरे पाटणला नेऊन वसवली, ही परंपरेने चालत आलेली कथा त्यांनी लहानपणी वडिलांकडून ऐकली होती. ती खरी मानली तर जालन्याच्या मागावर शिकलेला हात पाटणमार्गे इथपर्यंत पोहोचला होता. विणणाऱ्याचे नाव मात्र कुठेच उरले नव्हते.

तिसऱ्या दिवशी शहराच्या दक्षिणेला इमोगिरीच्या टेकड्यांखाली असलेल्या गिरिलोयो नावाच्या गावी सर्वजण गेले. हे तुलिस बातिकचे जुने गाव आहे. एका घराच्या ओसरीवर चारपाच स्त्रिया बुटक्या चौरंगांवर बसल्या होत्या. समोर बांबूच्या चौकटीवर कापड टांगलेले, बाजूला लहानशा शेगडीवर कढईत मेण वितळत ठेवलेले. हातात ‘चांतिंग’ : लाकडी दांडीला बसवलेली तांब्याची चिमुकली वाटी आणि तिला बारीक चोच. वाटी मेणात बुडवायची, चोचीवर फुंकर घालायची आणि मेण थिजण्याच्या आत रेघ ओढायची. कापड डाव्या तळहातावर हलकेच पेललेले. आधी नक्षीची बाह्यरेषा, मग आतले ठिपके नि रेघा. जिथे रंग नको तिथे जाड मेण. मग रंगाच्या हौदात बुडवणे, वाळवणे, पुन्हा मेण, पुन्हा रंग. शेवटी उकळत्या पाण्यात सारे मेण उतरवतात आणि मेणाखाली झाकलेली नक्षी उघडी पडते.

माईंनी सुती कापडच दाखवायला सांगितले; रेशीम त्यांना नको होते. मग त्यांनी मेण कशाचे आहे ते विचारले. मुलाला हा प्रश्न जरा अवघड वाटला, पण बरोबरच्या गाडीचालकाने तो नीट समजावून विचारला. काही ठिकाणी मधमाशीचे मेण आणि जनावराची चरबी मिसळतात, आम्ही पॅराफिन आणि झाडाची राळ वापरतो, असे घरधनीण म्हणाली. प्रश्नाचे कारण कळल्यावर तिने मेणाची वडीच आणून माईंच्या हातावर ठेवली.

ही घरधनीण साठीच्या आसपासची होती. आईच्या मांडीशी बसून ती मेण धरायला शिकली. पूर्वी गावातल्या बायका शहरातील व्यापाऱ्यांसाठी मजुरीने काम करीत. मेण लावलेले अर्धे कापड व्यापारी घेऊन जाई, रंगवून विकी. त्यावर त्याचे नाव लागे. २००६ साली २७ मेच्या पहाटे भूकंप झाला. या भागात पाच हजारांवर माणसे गेली, घरे भुईसपाट झाली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या मदतकार्यात गावातल्या बायकांनी गट बांधले, रंगकाम शिकून घेतले आणि पुरते कापड स्वतःच्या ओसरीवर विकायला सुरुवात केली. भूकंपाचे ऐकताना आप्पांना १९९३ची किल्लारी आठवली. सोलापूरच्या व्यापाऱ्यांनी तेव्हा ट्रक भरून चादरी पाठवल्या होत्या. आप्पा स्वतः एका ट्रकबरोबर गेले होते. त्यांनी ते बाईंना सांगितले. बाईंनी चांतिंग खाली ठेवली आणि क्षणभर कोणी बोलले नाही.

माईंच्या मनात एक कापड भरले. गडद भुईवर विखुरलेल्या चांदण्यांसारखी बारीक फुले. या नक्षीला ‘त्रुंतुम’ म्हणतात. राजाच्या दुराव्याने झुरणाऱ्या एका राणीने रात्रीच्या चांदण्या पाहून ती प्रथम रेखाटली, अशी कथा आहे. लग्नात वधूवरांचे आईवडील हे कापड नेसतात. “पोरीच्या लग्नात तिच्या आईला होईल,” माई म्हणाल्या. भाव विचारला. बाईंनी यंत्रावर टिपले : १२ लाख. म्हणजे सहा हजारांच्या थोडे वर.

आणि आप्पांमधला व्यापारी जागा झाला. कापड उत्तम आहे हे त्यांना पहिल्या नजरेतच कळले होते. म्हणूनच त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. त्यांनी घडी उलगडली, एका कोपऱ्यात मेणाचा सांडलेला थेंब शोधून काढला आणि त्यावर बोट ठेवले. यंत्रावर ५ लाख टिपले. बाईंनी मान हलवली, ११ लिहिले. आप्पा गप्प राहिले. गप्प राहणे हे खरेदीतले सर्वांत धारदार हत्यार आहे, हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने त्यांना ठाऊक होते. ते चपला घालायला उठले. बाईंनी ९ लिहिले, मग ८. अंगणापर्यंत गेल्यावर मागून हाक आली. ७ लाखांना सौदा तुटला. बाईंनी कापडाची घडी केली, कागदात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी माईंना दिली. त्या हसल्या, पण बेरिंगहार्जोतल्या विक्रेतीसारख्या नव्हे. गाडीत बसताना आप्पांनी मुलाला सांगितले, “पाच लाख वाचवले. आपले अडीच हजारांवर झाले.”

रात्री खोलीत नात शाळेसाठी प्रवासाची टिपणवही लिहीत बसली होती. सौदा चालू असताना ती बाईंच्या सुनेशी इंग्रजीत बोलत होती. तिने विचारले, “आजोबा, कापड, मेण आणि रंग यांचा खर्च दोन लाख येतो असे त्यांनी सांगितले. ते काम चाळीस दिवसांचे होते. मग दिवसाला किती मिळाले?” आप्पांनी सवयीने लगेच हिशोब केला. सातातून दोन गेले, पाच उरले. पाच लाखांना चाळिसाने भागले तर साडेबारा हजार. म्हणजे पासष्ट रुपये. “आणि बारा लाखांना घेतले असते तर?” पंचवीस हजार. एकशे तीस रुपये. नातीने दोन्ही आकडे वहीत लिहिले. मग सहज म्हणाली, “आपल्या दुकानात तर ‘एकच भाव’ आहे ना, आजोबा?”

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचे होते. आप्पांनी “झोप आता” म्हटले आणि ते सामायिकाला बसले.

मन स्थिर होईना. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, ते त्यांनी एकेक करून स्वतःवर तपासले. चोरीला प्रोत्साहन दिले का? नाही. चोरीचा माल घेतला का? नाही. राज्याचा कायदा मोडला? नाही, पावती खिशात होती. माप खोटे वापरले? नाही. खोटा माल खरा म्हणून चालवला? तेही नाही. पाचही ठिकाणी वही स्वच्छ निघाली. समोरच्या बाईंनी आपल्या मुखाने भाव मान्य केला होता. तरीही आत काहीतरी बोचत होते. बाजारात ज्या खुणेवरून त्यांनी हाताचे काम ओळखायला शिकवले, तो सांडलेला थेंबच ओसरीवर त्यांनी दोष म्हणून दाखवला होता. जी गोष्ट कापडाच्या खरेपणाचा पुरावा होती तिचाच उपयोग भाव पाडायला झाला होता.

बऱ्याच वेळाने त्यांच्या ध्यानात आले की ते चुकीच्या व्रताची वही उघडून बसले होते. हा हिशोब अचौर्याचा नव्हताच. तो त्याच्याही आधीच्या, पहिल्या व्रताचा होता. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध, वध आणि छेद यांच्यानंतर दोन नावे येतात : अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. आपल्या आश्रितांवर पेलणार नाही इतके ओझे लादणे, आणि त्यांचे अन्नपाणी अडवणे. प्रवचनात ही नावे ऐकताना आप्पांच्या डोळ्यांसमोर नेहमी बैल यायचा. त्या रात्री प्रथमच माणूस आला. चाळीस दिवस मान वाकवून बसलेल्या बाईच्या ताटातून पाच लाख त्यांनी काढून घेतले होते, आणि ते ‘वाचवले’ असे म्हटले होते.

मग आणखी मागचे आठवू लागले. ‘एकच भाव’ ही पाटी गिऱ्हाइकाकडे तोंड करून होती. दुकानाच्या मागच्या दाराने जे विणकर येत, त्यांना ती दिसत नसे. त्यांच्यासाठी आप्पांकडे दुसरी रीत होती. घडी उलगडून एखादा तुटका धागा शोधायचा, गप्प राहायचे, “मागच्या वर्षीचाच भाव” म्हणायचे. एखादा गठ्ठा उचलून चालू लागे, तेव्हा दारापर्यंत जाऊ द्यायचे आणि मग हाक मारायची. आदल्या दिवशी चपला त्यांनी घातल्या होत्या, हाक मात्र बाईंना मारावी लागली होती. एरवी खेळ तोच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीचे विमान होते. आप्पांनी सकाळीच गाडी मागवली. माईंनी कुठे म्हणून विचारले नाही. त्या चप्पल घालून तयार होत्या. ओसरीवर पोहोचल्यावर आप्पांनी पाच लाखांच्या नोटा काढून बाईंसमोर ठेवल्या. गाडीचालकाने समजावून सांगितले. बाईंनी नीट ऐकून घेतले आणि नोटा परत सरकवल्या. त्या बोलल्या ते चालकाने असे सांगितले : सौदा काल झाला. भाव मी कबूल केला. आज हे पैसे घेतले तर ती मदत होईल, आणि मदत आम्ही भूकंपाच्या वेळी घेतली. आता आम्ही कापड विकतो.

आप्पांनी पुष्कळ आग्रह केला. त्या ऐकेनात. आयुष्यभर दुसऱ्याला ‘एकच भाव’ ऐकवणाऱ्या माणसाला शब्दाची किंमत जावामधल्या एका ओसरीवर ऐकावी लागली. तेवढ्यात माईंनी खांबाशी टांगलेला एक लहान रुमाल काढला. त्यावर चार पाकळ्यांची ‘कावुंग’ नक्षी होती. भाव विचारला : ३ लाख. आप्पांनी घडी उलगडली नाही, उलटी बाजू पाहिली नाही; नोटा मोजून दोन्ही हातांनी दिल्या. बाईंनी त्या नोटा टांगलेल्या कापडांवरून एकेक करून फिरवल्या. दिवसाची ती पहिली विक्री होती.

रुमालाचे पैसे रुमालाचेच होते. आदल्या दिवशीचे पाच लाख आप्पांच्या पाकिटात तसेच राहिले. विमानतळावर मुलाने ते बदलून घेऊ का, म्हणून विचारले. आप्पा नको म्हणाले. आजही ते पेढीवरच्या तिजोरीत, जुन्या वहीत ठेवलेले आहेत. वहीत ते कोणत्या खात्यावर लिहावेत, हे त्यांना ठरवता आलेले नाही. जमा म्हणावे तर आपले नव्हेत, नावे टाकावेत तर घेणारी घेत नाही.

सोलापूरला परतल्यावर आठवड्याभरात पूर्व भागातील एक वृद्ध विणकर हातमागाच्या साड्यांचा गठ्ठा घेऊन मागच्या दाराने आला. वीस वर्षांचा ऋणानुबंध होता. आप्पांनी त्याला आत बोलावले, गादीवर बसवले, चहा मागवला. तो संकोचून कडेलाच टेकला. आप्पांनी एक साडी हातात घेतली.

“मामा, या एका साडीला किती दिवस लागतात?”

विणकर गोंधळला. वीस वर्षांत हा प्रश्न त्याला या दुकानात कोणी विचारला नव्हता. “चार दिवस धरा, शेटजी. सूत भरायला घरची लागते, ते वेगळे.”

“भाव काय लावता?”

त्याने भाव सांगितला. आप्पा मनातल्या मनात सुताचा आणि रंगाचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला चाराने भागत होते, म्हणून गप्प होते. विणकराला ती शांतता ओळखीची होती. त्याने खाली पाहिले आणि स्वतःच म्हणाला, “बरं शेटजी, पन्नास कमी द्या.” आप्पा अजून बोलत नाहीत हे पाहून तो गठ्ठ्याची गाठ पुन्हा बांधू लागला. “शंभर कमी करा. मागच्या वर्षीचाच भाव.”

आप्पांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“मामा,” ते म्हणाले, “आधी सांगितलात तो भाव पुन्हा सांगा.”